धक्का किती लागला, यापेक्षा जागा कोणाची होती

ताई, आपण आपल्या शाळेच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल सामन्यातले दोन प्रसंग लिहिले आहेत. पहिल्यात आपली मुलगी चेंडू घेऊन येणाऱ्या प्रतिस्पर्धी मुलीच्या समोर होती, ती मागे सरकत असतानाच समोरची तिच्या छातीवर येऊन आदळली, दोघी पडल्या आणि ‘ती हलत होती’ असे सांगून पंचांनी आपल्याच मुलीवर ब्लॉकिंगचा, म्हणजे नियमाबाहेर वाट अडवण्याचा, फाउल दिला. दुसऱ्यात प्रतिस्पर्धी संघातल्या उंच मुलीने आपल्या मुलीच्या मागून, डोक्यावरून हात नेऊन रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून परत आलेला चेंडू, घेतला, आपल्या बाकावरून सगळ्यांनी ओरड केली, तरी शिटी वाजली नाही. शेवटी आपण विचारले आहे की नेमका किती धक्का लागला म्हणजे फाउल समजावा.

गेली बावीस वर्षे मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांत पंच म्हणून काम करतो आहे. आपला सामना मी पाहिलेला नाही, म्हणून त्या पंचांचे चुकले की बरोबर होते याचा निवाडा मी करणार नाही. मात्र आपला शेवटचा प्रश्न थोडा वळवून घ्यावा लागेल. फाउल धक्क्याच्या जोरावर ठरत नाही. ज्या जागेत धक्का लागला ती जागा त्या क्षणी नियमाने कोणाची होती, आणि त्या धक्क्यामुळे कोणाचे काय हिरावले गेले, या दोन गोष्टींवर तो ठरतो. त्यामुळे जोराची धडक होऊनही शिटी न वाजणे योग्य असू शकते, आणि कमरेवर नुसता टेकलेला तळहात फाउल असू शकतो.

‘बास्केटबॉल हा अंगाला अंग न लावण्याचा खेळ आहे’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मैदानाच्या कडेला ऐकू येते. ते आजच्या नियमांत कोठेही नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी या खेळाचे पहिले तेरा नियम लिहिले, त्यांतल्या पाचव्या नियमात खांद्याने धडक देणे, धरणे, ढकलणे, पाय आडवा घालणे आणि मारणे यांना मनाई होती. पहिल्या वेळी फाउल आणि दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत मैदानाबाहेर, अशी शिक्षा होती. या यादीत ‘स्पर्श’ हा शब्द नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मनाई होती ती एकाने दुसऱ्याला काही करण्याला. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात, म्हणजे फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत, तर स्पष्टच मान्य केले आहे की मर्यादित जागेत दहा खेळाडू वेगाने धावत असताना अंगाला अंग लागणे टळणार नाही. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदान कागदावर मोठे दिसते. शॉट लागला नाही की त्या दहांपैकी सहा-सात जण बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात गोळा होतात आणि तेथे मुंगी शिरायला जागा उरत नाही.

आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बहुतेकांचा पहिला खेळ कबड्डी असतो आणि तेथे अंगाला भिडणे हाच खेळ आहे. ती मुले बास्केटबॉलकडे आली की एक तर त्याच सवयीने कंबर धरतात, किंवा शिक्षकांनी दटावल्यावर इतकी बुजतात की समोर उभेच राहत नाहीत. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे: माझी जागा कोणती आणि मी ती कशी मिळवायची, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा जागेपासून सुरुवात करू. भूमितीच्या पुस्तकात ज्याला वृत्तचिती म्हणतात त्याला पंच सिलिंडर म्हणतात. मी मुलांना सांगताना कणगी म्हणतो, कारण आमच्या पिढीने ज्वारीची कणगी घरात पाहिली आहे आणि आताच्या मुलांनी निदान आजीच्या तोंडून ऐकली आहे. प्रत्येक खेळाडू एका अदृश्य, उभ्या कणगीत उभा आहे असे समजावे. तिची पुढची कड त्याच्या तळहातांपर्यंत, मागची नितंबांपर्यंत, आणि बाजूच्या कडा हातापायांच्या बाहेरच्या अंगापर्यंत असतात. हात पुढे धरता येतात, पण कोपरात वाकवून, आणि पावले व गुडघे यांच्या पुढे न जाता. पाय फाकवून कणगी हवी तेवढी रुंद करता येत नाही. दोन पावलांमधले अंतर उंचीच्या प्रमाणात असावे लागते. या कणगीला झाकण मात्र नाही. खेळाडू सरळ वर उडी मारतो तेव्हा त्याच्या डोक्यावरची हवासुद्धा त्याचीच असते. म्हणून हात सरळ उभे धरून जागेवरून वर उडालेल्या बचावपटूवर शॉट मारणारा येऊन आदळला, तर बचावपटूला शिक्षा नाही. तेच हात थोडे पुढे झुकून शॉट मारणाऱ्याच्या दंडावर आले, की दोष बचावपटूचा. आणि ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाही हाच नियम लागू आहे. हवेत असताना कोपर बाहेर काढून किंवा पाय पुढे फेकून जागा मोकळी करण्याचा हक्क त्यालाही नाही.

आता आपला पहिला प्रसंग. ‘बचावपटू हलत होता म्हणून ब्लॉकिंग’ हा खानदेशातच नव्हे तर सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे, आणि मीही पहिली चार-पाच वर्षे त्याच समजुतीने शिट्या वाजवल्या आहेत. नियम असा आहे की बचावपटूने आधी कायदेशीर बचावाची जागा घ्यावी: प्रतिस्पर्ध्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर. ही जागा घेताना त्याच्याकडून धक्का लागता कामा नये. एकदा ती जागा मिळाली की त्याने पुतळ्यासारखे थिजून राहावे असे कोणीही म्हटलेले नाही. तो जागेवर थांबू शकतो, बाजूला सरकू शकतो, मागे सरकू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना क्षणभर एक किंवा दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले तरी चालते. फक्त त्याने चेंडू असलेल्या खेळाडूच्या दिशेने पुढे यायचे नाही. आणि धडक त्याच्या धडावर, म्हणजे छाती-पोटावर, झाली पाहिजे. तशी झाली असेल तर बचावपटू तेथे आधी पोहोचला होता असे मानले जाते, आणि फाउल चेंडू घेऊन येणाऱ्याचा असतो. आघात सोसण्यासाठी तो आपल्या कणगीतल्या कणगीत थोडा वळला किंवा वाकला, तरी त्याची जागा जात नाही.

यावरून आपण सांगितलेला प्रसंग पाहिला, तर मागे सरकणे हा दोष होऊच शकत नाही. उलट मागे सरकणारीने धक्का घडवला असे म्हणणे अवघड आहे. पण ‘ती हलत होती’ याचा पंचांच्या मनातला अर्थ वेगळा असू शकतो. ती शेवटच्या क्षणी बाजूला सरकली आणि धडक छातीऐवजी तिच्या मांडीवर किंवा खांद्याच्या बाजूवर झाली असेल, म्हणजे जागा घेण्याआधीच समोरची तिच्या पलीकडे निघाली असेल, तर ब्लॉकिंगच बरोबर आहे. किंवा तिने सुरुवातीला समोर तोंड करून दोन्ही पाय टेकवलेच नसतील आणि धावता धावता आडवी आली असेल. हे सर्व घडायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि बाकावरून छाती व खांदा यांतला फरक दिसत नाही. बाजूच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसाला तर दोघींपैकी एकीची पाठच दिसते.

येथे एक गोष्ट पुष्कळ शिक्षकांना अन्यायाची वाटते. ज्याच्या हाती चेंडू आहे त्याला वेळ आणि अंतर यांची सवलत नाही. चेंडू हाती असेल तर समोर कोणीतरी येणार, हे त्याने गृहीत धरावे आणि थांबायला किंवा दिशा बदलायला तयार असावे. बचावपटूने एका क्षणात समोर जागा घेतली तरी ती वैध आहे. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्या बाबतीत मात्र उलट आहे. त्याला थांबण्याइतके किंवा वळण्याइतके अंतर द्यावे लागते, आणि ते त्याच्या वेगानुसार एक ते दोन पावले असते. हा फरक कळला की निम्मे वाद मिटतात. चेंडूवर नजर ठेवून धावणारी मुलगी पास झेलण्यासाठी मान वळवते आणि तेवढ्यात कोणी तिच्या पुढ्यात येऊन उभे राहते. धडक तिने मारलेली दिसते, पण दोष आडवे येणाऱ्याचा असतो.

हवेतल्या खेळाडूचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण येथे हाडे मोडतात. जमिनीवरून उडी मारलेल्या खेळाडूला त्याच जागेवर उतरण्याचा हक्क आहे, आणि उडी मारताना जी दुसरी जागा मोकळी होती तेथे उतरण्याचाही हक्क आहे. त्याचे पाय जमिनीवरून सुटल्यानंतर कोणी त्याच्या वाटेत येऊ शकत नाही. शॉट मारून झाला, चेंडू हातातून गेला, तरी दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत तो शॉटच्या क्रियेतच असतो. लांबून शॉट मारणाऱ्याच्या पायाखाली आपला पाय सरकवण्याची सवय मी शालेय गटातही पाहिली आहे. मुलाला वाटते की आपण फक्त जवळ जाऊन उभे राहिलो. घोटा मुरगळून तीन आठवडे घरी बसलेला मुलगा आणि त्याचे वडील यांच्यासमोर ‘मी फक्त उभा होतो’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. उडालेल्या खेळाडूखाली शिरणे हा नेहमीचा साधा फाउल न राहता बहुधा अखिलाडू, म्हणजे खिलाडूवृत्तीला सोडून केलेला, फाउल ठरतो, आणि प्रकार गंभीर असेल तर खेळाडूला सामन्यातून काढलेही जाते.

बास्केटखाली जे अर्धवर्तुळ असते ते २०१० मधल्या नियमबदलांत आंतरराष्ट्रीय नियमांत आले. बास्केटच्या मध्याच्या बरोबर खाली जमिनीवर जो बिंदू येतो, तेथून १.२५ मीटर त्रिज्येचे ते असते. चेंडू घेऊन आत घुसलेला खेळाडू हवेत असताना शॉट मारतो किंवा पास देतो, आणि बचावपटूचा एक पाय जरी त्या अर्धवर्तुळाला लागलेला असेल, तर त्या धडकेबद्दल चार्जिंग, म्हणजे घुसणाऱ्याने बचावपटूवर आदळण्याचा फाउल, दिले जात नाही. मात्र घुसणाऱ्याने हात, कोपर किंवा गुडघा वापरून जागा केली, तर ही सूट संपते. आणि चार्जिंग नाही याचा अर्थ आपोआप बचावपटूवर फाउल, असाही नाही. तो सरळ उभा असेल तर काहीच न देता खेळ पुढे चालू ठेवावा. आपल्याकडच्या अनेक सिमेंटच्या मैदानांवर हे अर्धवर्तुळ आखलेलेच नसते, म्हणून मी सामन्याआधी खडूने ते आखून घेतो. तेही जमले नाही तर दोन्ही कर्णधारांना बोलावून जागा दाखवून ठेवतो. न आखलेल्या रेषेवरून मागाहून भांडणे म्हणजे बांध नसलेल्या शेताची मोजणी करण्यासारखे आहे.

हाताच्या स्पर्शाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सामन्यातले बहुतेक फाउल हातानेच होतात. हात लागणे हा आपोआप फाउल नाही, असे नियमच सांगतो. पंचाने पाहायचे ते एवढेच की त्या हातामुळे दुसऱ्याच्या हालचालीला अडथळा आला का. मी स्वतः ड्रिबल करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणाऱ्याच्या, चार गोष्टींवर लक्ष ठेवतो: लय, वेग, तोल आणि चपळाई. बोटे लागली आणि उचलली गेली, ड्रिबल करणारा त्याच वेगाने पुढे गेला, तर मी काही पाहिले नाही असे समजावे. पण हात कमरेवर टेकून तेथेच राहिला, तर जोर शून्य असला तरी त्या हाताने बचावपटूला समोरच्याची दिशा डोळ्यांआधी कळते आणि ड्रिबल करणाऱ्याला वळताना ओझे जाणवते. तो फाउल आहे. पुन्हा पुन्हा हात लावून काढणे हाही फाउल आहे, कारण त्यातूनच पुढे धसमुसळा खेळ सुरू होतो. शॉट मारणाऱ्याच्या मनगटाबाबत तर मोजमाप आणखी बारीक होते. चालत्या माणसाच्या खांद्याला ज्या स्पर्शाने काही होत नाही, त्याच स्पर्शाने चेंडू सुटण्याच्या क्षणी मनगट वीतभर हलते आणि ३.०५ मीटर उंचीवरची रिंग चुकते. म्हणून एकाच जोराचा स्पर्श मैदानाच्या मध्यावर मी सोडतो आणि बास्केटखाली देतो. त्यात पक्षपात नाही.

‘कोणाचे काय हिरावले गेले’ हे कळायला मला एक चूक करावी लागली. सुमारे अठरा वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एका खेळाडूने मध्यरेषेजवळ चेंडू हिसकावला आणि तो एकटाच बास्केटकडे निघाला. मागे पडलेल्या बचावपटूने बाजूने त्याच्या कमरेला हात लावला. हात लागलेला मला स्पष्ट दिसला आणि मी त्याच क्षणी शिटी फुंकली. तो मुलगा त्या हाताने थबकलादेखील नव्हता. माझ्या शिटीने मात्र थबकला. संघाच्या फाउलची संख्या अजून भरलेली नव्हती, त्यामुळे फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे शॉट, मिळाले नाहीत, बाजूने चेंडू मिळाला आणि तोवर सगळा विरोधी संघ परत येऊन उभा राहिला. मध्यंतरात त्यांचे प्रशिक्षक माझ्याकडे आले आणि आवाज न चढवता म्हणाले, ‘सर, फाउल त्याने केला आणि दोन गुण आमचे गेले.’ माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी शिटी ओठांतच धरून एक श्वास थांबायला शिकलो. धक्का कसा सुरू झाला, कसा वाढला आणि त्याचा शेवट काय झाला, हे तिन्ही पाहिल्यावरच निर्णय. शॉट आत गेला आणि स्पर्श किरकोळ होता, तर सोडून द्यावे. त्याच स्पर्शाने तोल गेला आणि चेंडू सुटला, तर उशिराने का होईना, द्यावे. प्रेक्षकांना ही उशिरा वाजलेली शिटी संशयास्पद वाटते, ‘चेंडू आत गेला नाही म्हणून दिला’ असे ते ओरडतात, आणि काही अंशी ते खरेही असते. नियमपुस्तक पंचाला हेच सांगते की ज्या स्पर्शाने कोणाचा फायदा किंवा तोटा झाला नाही, त्यासाठी खेळ विनाकारण थांबवू नये. मात्र धक्का कठोर असेल, किंवा कोणी हवेत असताना ढकलला गेला असेल, तर थांबायचे नाही. तेथे शिटी ताबडतोब, चेंडू कोठेही असो.

हाच धागा पुढे नेऊन एक बारकावा सांगतो, कारण तो मोबाइलवर अमेरिकेतले सामने पाहणाऱ्या मुलांना चकवतो. घुसणाऱ्या खेळाडूने चेंडू हातातून सोडला आणि त्यानंतर तो वैध जागेवर उभ्या असलेल्या बचावपटूवर आदळला, तर फाउल त्याचाच. पण चेंडू आत गेला तर फिबाच्या नियमांनुसार गुण धरले जातात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि व्यावसायिक नियमपुस्तकांत अनेक गोष्टी वेगळ्या आहेत. एनबीएमध्ये सामना ४८ मिनिटांचा असतो आणि सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. आपला सामना ४० मिनिटांचा आणि पाचव्याला बाहेर. तेथली चित्रफीत दाखवून माझ्याशी वाद घालणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो की पुस्तक कोणते ते आधी पाहा.

आता दुसरा प्रसंग, रिबाउंडचा. ‘मागून डोक्यावरून हात नेला’ हा फाउल कोणत्याही नियमात नाही. उंच मुलीचे हात आपल्या मुलीच्या डोक्यावरून गेले आणि ती तिच्या अंगाला न लागता चेंडू घेऊन खाली आली, तर तिने केवळ उंचीचा उपयोग केला. आपल्याकडे ही ओरड सर्वांत मोठ्याने होते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते. परंतु पाठीवर छाती टेकून, किंवा खांद्यावर कोपर दाबून ती उंचावली असेल, तर ‘मी चेंडूसाठी गेले होते’ हा बचाव चालत नाही. मागून धक्का लागला तर चेंडूवर हात होता की नव्हता, याने काही बिघडत किंवा सुधारत नाही. मी अशा वेळी वर हातांकडे पाहतच नाही. मी खालच्या मुलीच्या कमरेकडे आणि पायांकडे पाहतो: ती स्वतःहून पुढे गेली, की पुढे ढकलली गेली? ढकललेल्या माणसाचे पाऊल जड आणि अवेळी पडते, ते लपत नाही. उलट बाजूही आहे. समोरची मुलगी जागा धरण्याच्या नावाखाली मागे मागे रेटत मागच्या मुलीला तिच्या जागेवरून हलवते, तेव्हा फाउल पुढचीचा असतो. हे आपल्याकडे क्वचितच दिले जाते, आणि ते दिले जायला हवे असे माझे मत आहे.

स्क्रीनचे, म्हणजे सहकाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे राहण्याचे, थोडक्यात. स्क्रीन लावणारा धडकेच्या क्षणी स्थिर आणि दोन्ही पायांवर उभा असावा. समोरून दिसत असलेल्या स्थिर प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ उभे राहता येते, पण त्याच्या नजरेआड लावायचा असेल तर त्याला एक पाऊल मोकळे सोडावे. शालेय सामन्यांत स्क्रीन लावणारी मुले शेवटच्या क्षणी कंबर किंवा गुडघा बाहेर काढतात; पंच चेंडूकडे पाहत असल्यामुळे ते निसटते.

चेंडूकडे पाहणे हाच नव्या पंचांचा मुख्य दोष आहे, आणि प्रेक्षकांना तर तो हक्कच आहे. चेंडूकडे पाहणाऱ्याला धडकेचा फक्त शेवट दिसतो: कोणीतरी पडले. मी बचावपटूकडे पाहतो, त्याचे पाय कधी टेकले, तो पुढे आला की मागे गेला; चेंडू घेऊन येणारा आपोआप त्या चौकटीत येतोच. पडणे हा पुरावा नाही. मार्च उजाडला की आमच्याकडच्या उघड्या सिमेंटवर बारीक धूळ बसते आणि सकाळी नऊनंतर तर डोळ्यांसमोर झळा नाचतात. अशा जमिनीवर मुले एकमेकांना न शिवताही पडतात. आवाजही फसवा असतो. चेंडूवर बसलेला तळहात फटाक्यासारखा वाजतो आणि सगळे मैदान फाउल मागते. कमरेला दिलेला ढकला मात्र मुका असतो. भुसावळला एकदा एका मुलाने स्वतःच्या मांडीवर थाप मारून मागे झोकून दिले आणि ओरडला, ‘माले धक्का दिधा ना सर!’ त्याच्या आणि बचावपटूच्या मध्ये हातभर मोकळी जागा होती. मी हसलो, पण त्याला ताकीद दिली. अशा नाटकाला नियमात आधी ताकीद आहे आणि त्यानंतर टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा, फाउल.

साधा फाउल आणि अखिलाडू फाउल यांतली रेषा आपण विचारली नाही, तरी ती या प्रश्नाला लागूनच आहे. चेंडूसाठी खरा प्रयत्न होता का, आणि जोर गरजेपेक्षा जास्त होता का, हे पहिले दोन निकष. विरोधी संघ वेगाने प्रतिहल्ला करत असताना केवळ तो थांबवण्यासाठी केलेला विनाकारण धक्का हा तिसरा. बास्केटकडे एकट्याने निघालेल्या खेळाडूला, त्याच्यापुढे कोणी नसताना, मागून किंवा बाजूने केलेला अवैध स्पर्श हा चौथा. माझ्या धुळ्याच्या प्रसंगातला तो हात आजच्या नियमांत याच चौथ्या निकषावर तपासला गेला असता, आणि खरोखरच अडवले गेले असते तर फ्री थ्रो आणि चेंडू दोन्ही मिळाले असते.

एका बाबतीत मात्र पंचांना मी मोकळे सोडत नाही, आणि आपणही सोडू नये. रेषा कोठे आखायची यात थोडा फरक पंचागणिक असतो. एखादा पंच कमरेवरचा हात लगेच पकडतो, एखादा थोडा खेळू देतो. पण पहिल्या पाच मिनिटांत जी रेषा आखली ती दोन्ही बास्केटखाली आणि शेवटच्या मिनिटापर्यंत तीच राहिली पाहिजे. यजमान गावाच्या गर्दीने ती सरकते, आधीची चूक भरून काढायच्या नादात ती सरकते, आणि ‘आता दोनच गुणांचा फरक आहे, कशाला वाजवा’ या विचाराने तर हमखास सरकते. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एका भागात, संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात. त्यामुळे सुरुवातीला किरकोळ स्पर्शावर वाजवलेल्या शिट्यांचा हिशेब क्वार्टर संपताना चुकवावा लागतो, आणि तो बऱ्याचदा दुसऱ्याच मुलीला चुकवावा लागतो.

पुढच्या वेळी असा निर्णय आला तर आपल्या कर्णधार मुलीला सांगून ठेवा. चेंडू निर्जीव, म्हणजे खेळाबाहेर, असताना आणि घड्याळ थांबलेले असताना कर्णधाराला पंचांशी नम्रपणे बोलता येते. तिने ‘फाउल का दिला’ असे विचारू नये. ‘सर, धडक छातीवर होती की बाजूवर?’ असे विचारावे. ‘बाजूवर’ असे उत्तर आले तर सरावात बाजूला सरकण्याआधी दोन्ही पाय टेकवून घेण्यावर काम करायचे आहे, हे आपल्याला कळेल. ‘छातीवर, पण ती मागे सरकत होती’ असे उत्तर आले, तर मैदानावर वाद न घालता सामना संपल्यावर त्या पंचांबरोबर चहा घ्या आणि नियमपुस्तकातले बचावाच्या वैध जागेचे कलम त्यांच्यासमोर उघडा. माझ्यासमोरही ते कोणीतरी असेच उघडले होते.